सव्वादोन मिलिमीटरांची तूट

ब्रिटनमध्ये आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘ओओ’ मापाचे इंजिन डोळ्यांच्या पातळीवर धरून अगदी समोरून पाहिले, तर काहीतरी खटकते. इंजिनाचे धड भरदार असते, बफर आणि धुराडे जिथल्या तिथे असतात, पण चाके मात्र पोटाखाली आत ओढून घेतल्यासारखी दिसतात. हा दोष कारागिराच्या हाताचा नाही, तो मापातच आहे. या प्रतिकृतींमध्ये खऱ्या गाडीचा एक फूट 4 मिलिमीटरांनी दाखवतात, म्हणजे प्रमाण 1:76.2 होते. ब्रिटनच्या खऱ्या रुळांमधले अंतर 1435 मिलिमीटर आहे. त्याला 76.2 ने भागले की 18.83 मिलिमीटर येतात, पण ‘ओओ’चे रूळ 16.5 मिलिमीटरांवर घातलेले असतात. त्या रुळांचे गणित उलट केले, तर खऱ्या मापात ते सुमारे 1257 मिलिमीटर भरतात, आणि इतक्या अंतराच्या रुळांवर मुख्य लोहमार्गाची गाडी ब्रिटनमध्ये धावत नाही.

ही तूट आली कुठून? 16.5 मिलिमीटर ही रुंदी मुळात ‘एचओ’ या 1:87 प्रमाणाची आहे आणि तिथे ती जवळजवळ अचूक बसते. युरोप खंडात आणि अमेरिकेत तेच प्रमाण रुजले. ब्रिटनची अडचण मात्र वेगळी होती. तिथले बोगदे, पूल आणि फलाट आगगाडीच्या अगदी सुरुवातीच्या काळात बांधले गेले, त्यामुळे रूळ तेवढेच असूनही तिथले डबे आणि इंजिने खंडातल्या गाड्यांपेक्षा अरुंद आणि बुटकी राहिली. सुमारे 2.74 मीटर रुंदीचे ब्रिटिश इंजिन 1:87 ने लहान केले की रुंदी जेमतेम साडेएकतीस मिलिमीटर उरते. त्या काळची विजेची मोटर एवढ्या कवचात बसवणे कठीण होते. शिवाय छोट्या गाड्यांची चाके प्रमाणापेक्षा जाड असतात. त्यांच्या बाहेरून दांडे आणि सिलिंडर बसवायचे, तर इंजिन वाजवीपेक्षा रुंद होते. म्हणून रूळ होते तसेच ठेवून फक्त वरचे धड मोठे केले गेले. 1938 मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही छोट्या गाड्यांची मालिका बाजारात आली ती याच मापात, आणि एकदा घरोघरी तेच रूळ पोहोचल्यावर पुढच्या प्रत्येक उत्पादकाला त्यांच्याशी जुळवून घेणे भाग पडले.

मोटर लहान झाली, तरी माप सुटले नाही. ज्यांना ही तूट सहन होत नव्हती, त्यांनी स्वतः रूळ घालायला सुरुवात केली. ‘ईएम’ माप आधी 18 आणि पुढे 18.2 मिलिमीटरांवर स्थिरावले, तर ‘पी4’ने थेट 18.83 गाठले. पण खरा अवघड भाग रुळांमधल्या अंतरात नाही, तो चाकाच्या कडेत आहे, आणि मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. चाकाला रुळावर राखणारी ही आतली कड खऱ्या गाडीत सुमारे 3 सेंटिमीटर खोल असते. प्रमाणात ती 0.4 मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीएवढी होते. बाजारातल्या गाड्यांना ती याहून बरीच खोल ठेवावी लागते. कारण लांबी 76 पट घटली, तरी वजन 76 च्या घनाने, म्हणजे सुमारे 4 लाख 40 हजार पटींनी घटते. 100 टनांचे इंजिन प्रमाणात जेमतेम सव्वादोनशे ग्रॅमचे होते. खऱ्या गाडीत टनावारी भार आणि स्प्रिंगा प्रत्येक चाकाला रुळावर दाबून धरतात. छोट्या गाडीचा सांगाडा ताठ असला, तर रूळ अर्धा मिलिमीटर जरी खालीवर झाला, तरी एखादे चाक अधांतरी राहते, आणि 0.4 मिलिमीटरची कड रुळावरून सहज उचलली जाते. म्हणूनच ‘पी4’मध्ये नुसती चाके बदलून भागत नाही, आसांना स्प्रिंगा किंवा डोलणारी बैठक द्यावी लागते.

वळणांची गोष्टही तशीच आहे. ‘ओओ’च्या तयार रुळांत 438 मिलिमीटर त्रिज्येचे वळण सर्रास वापरतात. ते 76 पट मोठे केले, तर त्रिज्या 33 मीटर होते. खऱ्या मुख्य मार्गावर ती शेकडो मीटर असते. इतक्या आवळलेल्या वळणातून लांब इंजिन जायचे, तर चाकांना बाजूला सरकायला मोकळीक लागते. ती मोकळीक आणि खोल कड सामावण्यासाठी सांध्यांतल्या, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथल्या रुळांमधल्या, फटी रुंद ठेवाव्या लागतात. खरी फट सुमारे 44 मिलिमीटरांची, प्रमाणात 0.58, तयार सांध्यांत ती याच्या दुपटीच्या आसपास असते. क्रॉसिंगवरून, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथून, जाताना चाक क्षणभर त्या फटीत खचते आणि गाडी किंचित ठेचकाळते.

भारतीय गाड्या करणाऱ्यांपुढे तर तूट आणखी मोठी आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरांचा, म्हणजे 1:87 मध्ये तो 19.26 मिलिमीटर व्हायला हवा. 16.5 च्या तयार रुळांवर भारतीय डबा ठेवला, तर पावणेतीन मिलिमीटर कमी पडतात. रूळ तेच ठेवून अचूकपणा हवा असेल, तर सगळी गाडी 1:101.6 प्रमाणात करावी लागेल, आणि मग 1:87 ची माणसे, घरे आणि फलाट तिच्याशेजारी शोभणार नाहीत. नेरळ-माथेरानच्या गाडीत नेमके उलटे घडते. तिचे 610 मिलिमीटरांचे रूळ 4 मिलिमीटरांच्या प्रमाणात बरोबर 8 मिलिमीटरांचे होतात, पण तयार मिळतात ते 9 मिलिमीटरांचे. त्यामुळे तिथे रूळ अरुंद नव्हे, तर रुंद होतात.