फंक्शनल हालचाल-विकारांचे वर्गीकरण

मेंदूच्या रचनेत तक्रारीचे कारण ठरेल अशी इजा नसताना, शरीर हलवणाऱ्या यंत्रणेचे काम बिघडल्यामुळे कंप, झटके, हातपाय वाकडे होऊन राहणे किंवा चाल बिघडणे अशा तक्रारी येतात. त्यांना फंक्शनल हालचाल-विकार म्हणतात. लक्ष दुसरीकडे गेले की ही हालचाल बदलते, कमी होते, कधी थांबतेही. नेमक्या याच गुणामुळे निदान करता येते आणि याच गुणामुळे घरचे लोक रुग्णावर संशय घेतात.

रुग्ण सोंग करत नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणारा स्कॅन) अभ्यासात रुग्णांचा आपोआप येणारा कंप आणि त्यांनीच मुद्दाम केलेला कंप यांची तुलना केली गेली. आपोआपच्या कंपाच्या वेळी मेंदूच्या उजव्या टेम्पोरो-परायटल जंक्शनचे काम कमी पडलेले दिसले. ‘ही हालचाल मी करतो आहे’ ही जाणीव घडण्यात या भागाचा वाटा असतो. मुद्दाम केलेले सोंग ही वेगळी गोष्ट असून वैद्यकात तिची नोंद वेगळी होते.

मुंबईत असा रुग्ण न्यूरोलॉजिस्टपुढे येतो तेव्हा हातात बहुधा प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात एमआरआयच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट आणि आधीच्या दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. ‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे टेन्शनमुळे असेल’ हे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. पार्किन्सनच्या सुरुवातीला, इसेन्शियल ट्रेमरमध्ये (काम करताना हात थरथरण्याचा आजार) आणि डिस्टोनियाच्या (स्नायू आपोआप आखडून अवयव वाकडा होणे) अनेक प्रकारांतही साधा एमआरआय नॉर्मलच येतो. सगळे आजार वगळून उरेल ते फंक्शनल, ही जुनी रीत आता मानली जात नाही. तपासणीत प्रत्यक्ष खुणा दिसल्या तरच हे निदान करायचे असते.

निदानाच्या खात्रीच्या पायऱ्या लावण्याची पद्धत 1988 मध्ये फान आणि विल्यम्स या डॉक्टरांनी मांडली. त्यांनी चार पायऱ्या केल्या: सिद्ध, वैद्यकीयदृष्ट्या प्रस्थापित, संभाव्य आणि शक्य. उपचाराने वा सूचनेने तक्रार पूर्ण गेली, किंवा कुणी पाहत नसताना ती नाहीशी झालेली दिसली, तर निदान सिद्ध. हालचाल ओळखीच्या आजाराशी जुळत नाही, वेळोवेळी बदलते आणि सोबत इतर फंक्शनल खुणाही आहेत, तर प्रस्थापित. घोळ शेवटच्या पायरीत होता. हालचाल शारीरिक आजारासारखीच असली, तरी रुग्ण भावनिकदृष्ट्या अस्वस्थ दिसला म्हणून त्याला ‘शक्य’ गटात टाकता येत असे. आजारपणाने घाबरलेला पार्किन्सनचा रुग्णही मग त्यात जाऊन बसेल. 2009 मध्ये गुप्ता आणि लँग यांनी खालच्या दोन्ही पायऱ्या काढल्या आणि प्रयोगशाळेच्या पुराव्याने निश्चित अशी नवी पायरी जोडली. हा बदल रुग्णांच्या फार हिताचा ठरला.

मनावरच्या ताणाची अटही याच काळात सुटली. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमपुस्तकात, निदानासाठी मानसिक कारण सापडलेच पाहिजे हे कलम राहिले नाही. घरातले भांडण, गेलेली नोकरी, जुना आघात हे काही रुग्णांत सापडते, काहींत सापडत नाही. शिवाय मुंबईत ताण शोधायला निघालो तर तो कुणाकडे सापडणार नाही? ताणावरून निदान केले की ते चुकायला वेळ लागत नाही.

दुसरी विभागणी हालचालीच्या रूपावरून होते आणि रोजच्या कामात तीच जास्त उपयोगी पडते. यात कंप सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे आणि त्याची परीक्षा ठेक्याची आहे. उजवा हात थरथरत असेल तर डॉक्टर म्हणतात, “काका, डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी माझ्यासारखी टेकवा, याच लयीत.” ते लय मध्येच बदलतात. आता उजव्या हाताकडे बघायचे. फंक्शनल कंप एकतर थांबतो, नाहीतर डाव्या हाताचा ठेका उचलतो. कधी डाव्या हातालाच साधी लय जमत नाही. पार्किन्सनचा कंप आपल्याच गतीने चालू राहतो. या परीक्षेला यंत्र लागत नाही. केईएम, सायन, नायर किंवा जे. जे.च्या गर्दीच्या ओपीडीतही ती दोन मिनिटांत होते.

झटक्यांच्या बाबतीत मात्र यंत्राची खरी मदत होते. ईईजी (मेंदूच्या विद्युत्लहरींची नोंद) आणि ईएमजी (स्नायूंच्या विद्युत्क्रियेची नोंद) एकत्र नोंदवून झटक्याच्या आधीची ईईजी तपासली, तर फंक्शनल प्रकारात झटक्याच्या सुमारे एक-दोन सेकंद आधीपासून तयारीचा संथ विद्युत्प्रवाह दिसू शकतो. फंक्शनल डिस्टोनियात बहुतेकदा छोट्याशा दुखापतीनंतर पाऊल आत वळून तसेच घट्ट अडकते. इतर डिस्टोनिया सुरुवातीला हालचाल करताना दिसतो, हा सुरुवातीपासून स्थिर असतो. टिक्ससारख्या (अचानक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या) हालचाली कोविडच्या काळात अनेक देशांत किशोरवयीन मुलींमध्ये अचानक वाढलेल्या दिसल्या. टूरेट हा टिक्सचा आजार मात्र साधारणपणे लहान वयात, हळूहळू आणि मुलग्यांत अधिक सुरू होतो.

चालीचा प्रकार ओळखताना सर्वाधिक सावध राहावे लागते. रुग्ण सपाट जमिनीवर झोकांड्या देतो, गुडघे दुमडतात, पण तो सहसा पडत नाही. चाकांच्या खुर्चीवर बसवून पायांनी पुढे सरकायला सांगितले की तेच पाय नीट चालतात. दादरच्या पुलावर गर्दीच्या रेट्यात जिने चढून गेलेला मुलगा घरच्या पॅसेजमध्ये लटपटतो, तेव्हा आईवडिलांना तो नाटक करतो आहे असे वाटते. पण उलटे चालताना किंवा धावताना चाल सुधारणे हे खऱ्या डिस्टोनियातही घडते. म्हणून चाल विचित्र दिसते एवढ्यावर फंक्शनल असा शिक्का मारू नये.

पायातली ताकद गेलेली असेल तर 1908 मध्ये डॉक्टर हूव्हर यांनी वर्णन केलेली खूण बघतात. रुग्णाला उताणे झोपवून कमजोर पायाच्या टाचेखाली डॉक्टर तळहात ठेवतात. “टाच खाली दाबा” म्हटले तर काहीच होत नाही. चांगला पाय वर उचलायला सांगून त्याला विरोध केला, की कमजोर टाच तळहातावर आपोआप दाबली जाते. ही खूण रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकांना तिथेच दाखवावी: रस्ता शाबूत आहे, ताबा अडकला आहे.

एका रुग्णात दोन-तीन रूपे एकत्र असतात, त्याला मिश्र प्रकार म्हणतात. पार्किन्सनच्या रुग्णालाही वरून फंक्शनल कंप होऊ शकतो. अशा वेळी केसपेपरवर दोन्ही निदाने लिहायची असतात. एकाने दुसरे खोडले जात नाही. शंका असेल तर डोपामिन (पार्किन्सनमध्ये कमी पडणारे मेंदूतले रसायन) वाहतूक दाखवणारे स्कॅन उपयोगी पडते. निव्वळ फंक्शनल पार्किन्सनिझममध्ये (पार्किन्सनसारखी लक्षणे) ते नॉर्मल येते.

उपचाराची दिशाही रूपावरून ठरते. कंपात लय बदलण्याचा सराव, चालीत लक्ष पायांवरून हटवणारी फिजिओथेरपी, अडकलेल्या पावलासाठी दुखण्यावरचे उपचारही. गरज असेल तिथे मानसोपचार. ‘वारं गेलं’, ‘बाहेरचं आहे’ म्हणून महिने उलटले की सुधारणा अवघड होते, कारण लक्षणे जितकी जुनी तितका गुण येणे कठीण.