प्लाझ्मोडियम की हिमोप्रोटियस? पक्ष्यांच्या मलेरियात हा फरक का बघायचा

पक्ष्यांच्या रक्तातल्या परजीवींबद्दल वाचायला घेतलं की ही दोन नावं कायम जोडीनं येतात आणि बरेच जण दोघांनाही सरसकट 'बर्ड मलेरिया' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. दोघं जवळचे नातेवाईक आहेत हे खरं, दोघंही तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातात आणि गडद रंगाचे कण मागे ठेवतात, त्यामुळे रक्ताच्या स्लाइडवर नवखा माणूस हमखास फसतो. पण पक्ष्याचं पुढे काय होणार हे बरंचसं ठरतं ते परजीवी वाढतो कुठे आणि त्याला इकडून तिकडे नेतं कोण यावर.

प्लाझ्मोडियम रक्तातही वाढतो. पेशीत शिरला की आतल्या आत एकाचे अनेक होतात, पेशी फुटते, ते सगळे नव्या पेशींत घुसतात, हे चक्र चालूच राहतं आणि पक्ष्याचं रक्त झपाट्यानं कमी होतं. हिमोप्रोटियसची ही वाढ मात्र यकृत, फुप्फुस, स्नायू अशा अवयवांत होते, रक्तात येतात त्या फक्त नर-मादी अवस्था, ज्या पुढे कीटकाच्या पोटात जायच्या असतात. म्हणून पेशीत विभागलेले दाणे दिसले तर प्लाझ्मोडियम, आणि केंद्रकाला वळसा घालून बसलेल्या लांबट आकृत्याच दिसत राहिल्या तर बहुधा हिमोप्रोटियस (पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आपल्या नसतं). बहुधा म्हणतोय कारण काही प्लाझ्मोडियमही तसेच दिसतात. पीसीआरवरही (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) डोळे मिटून विसंबू नका, नेहमीच्या टेस्टमध्ये दोघंही पॉझिटिव्ह येतात, सिक्वेन्सिंग, म्हणजे त्या डीएनएचा क्रम वाचणं, केल्याशिवाय कोण ते कळत नाही.

आता वाहक. प्लाझ्मोडियमला डास लागतो, पक्ष्यांच्या बाबतीत जास्त करून क्युलेक्स. हे ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसनं १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवरच दाखवलं, परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचतो हे तिथेच कळलं. हिमोप्रोटियसला डास चालतच नाही. त्याला बारीक चावऱ्या क्युलिकॉइड्स माश्या नेतात, आणि कबुतरांमध्ये पिसांत सरसर पळणारी ती चपटी माशी, कबुतरं पाळणाऱ्यांनी बघितलेली असते.

या फरकाची किंमत हवाई बेटांनी मोजली. तिथे मुळात डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजांबरोबर क्युलेक्स आला, पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर प्लाझ्मोडियम रेलिक्टम ही जात आली, आणि तिथल्या मूळच्या हनीक्रीपर पक्ष्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हा रोग कधी बघितलाच नव्हता त्यामुळे अंगात प्रतिकार शून्य. प्रयोगात एकदाच बाधित डास चावलेल्या ईईवी (हनीक्रीपरची एक जात) पक्ष्यांपैकी ९० टक्के मेले. उरलेले पक्षी साधारण १५०० मीटरच्या वरच्या थंड जंगलात टिकून आहेत कारण १३ अंशांच्या खाली परजीवीची डासात वाढ होत नाही, आणि आता तापमान वाढतंय तसा डास वर सरकतोय. बेटाचा डोंगर कुठेतरी संपतो हो, त्यापुढे पक्ष्यांनी जायचं कुठे? एक दिलासा म्हणजे हवाईच्या मोठ्या बेटावर सखल भागातल्या आमाकिहींमध्ये (हेही हनीक्रीपरच) रोग सोसायची ताकद नैसर्गिक निवडीतून आलीये, तिथे बरेचसे आमाकिही बाधित असूनही जगतात. ईईवीत तसं अजून दिसत नाही.

हिमोप्रोटियसच्या जाती सहसा ठराविक पक्षीगटाला धरून राहतात, जुनी सोबत असल्यानं यजमान पक्षी बहुतेकदा तगतो. पण म्हणून त्याला निरुपद्रवी म्हणणं चूक आहे. युरोपातल्या ब्लॅकबर्डमधला हिमोप्रोटियस मायन्यूटस पिंजऱ्यातल्या पोपटांना लागला तेव्हा पोपट मेले, आणि रक्तात परजीवी दिसेनात कारण सगळा घोळ अवयवांत होता. स्लाइड क्लीन आली म्हणजे पक्षी ठीक असं धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावं.

उपाय पण इथूनच वेगळे होतात. हवाईत मुख्य वाहक एकच डास असल्यामुळे निदान त्याला धरता तरी येतं. २०२३ च्या अखेरीपासून तिथल्या माउई बेटाच्या जंगलात वोलबाकिया जिवाणू असलेले नर डास सोडतायत, नर चावत नाहीत आणि त्यांच्याशी जुळलेल्या जंगली मादीची अंडी उबत नाहीत.