जुळलं, पण किती ठिकाणी शोधून?

जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात 25 एप्रिल 2007 रोजी भर दिवसा एका तरुण महिला पोलिसाची गोळ्या घालून हत्या झाली. तिच्या गाडीवर मिळालेला डीएनए कुणा अनोळखी बाईचा निघाला. पण तो तपास अधिकाऱ्यांच्या ओळखीचा होता. 1993 साली इडार-ओबरश्टाइनमध्ये एका वृद्धेचा खून झाला, तिथल्या कपावर तोच होता. 2001 साली फ्रायबुर्गमधल्या खुनाच्या जागी पुन्हा तोच. ऑस्ट्रियातल्या घरफोड्यांमध्ये आणि फ्रान्समधल्या तपासातही तो सापडला. तीन देशांतल्या चाळीसेक जागांवर एकच बाई वावरून गेली होती आणि तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या शोधासाठी 3 लाख युरोंचं बक्षीस लागलं.

2009 साली फ्रान्समध्ये एका पुरुषाच्या जुन्या कागदपत्रावरचे बोटांचे ठसे तपासले गेले. त्यावरही याच बाईचा डीएनए आला. हे कसं शक्य आहे, असा प्रश्न पडल्यावर तपासाची दिशा उलटली आणि नमुने ज्या काड्यांनी गोळा केले जात, त्या कापूस गुंडाळलेल्या काड्यांवर संशय गेला. डीएनए त्या काड्यांची बांधणी करणाऱ्या एका निरपराध कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. पण जंतू मरतात, डीएनए मात्र उरतो, आणि नेमकी हीच गोष्ट कुणी तपासली नव्हती.

ही हकिकत वाचली की मला दरवेळी ऑपेरा हा प्रयोग आठवतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, सोडायचे आणि जमिनीखालून 730 किलोमीटर जाऊ देऊन इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराच्या पोटात पकडायचे, असा तो प्रयोग. सप्टेंबर 2011 मध्ये त्यातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. निष्कर्षाची खात्री 6 सिग्मा इतकी होती. काही महिन्यांनी कळलं, की उपग्रहाकडून येणारी वेळ घड्याळापर्यंत नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती. त्याच डोंगरातल्या इकारस या दुसऱ्या प्रयोगाने मार्च 2012 मध्ये स्वतंत्र मोजणी दिली. न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येत होते.

सिग्मा म्हणजे काय, ते इथेच सांगतो. नवं काहीही नसताना निव्वळ योगायोगाने असा आकडा दिसण्याची शक्यता किती कमी आहे, याचं ते माप. 3 सिग्मा म्हणजे साधारण 740 मध्ये एक, 5 सिग्मा म्हणजे सुमारे 35 लाखांत एक. हे माप फक्त योगायोगाचा हिशेब ठेवतं. सैल तार आणि मळलेली काडी त्याच्या कक्षेतच येत नाही, कारण ती चूक प्रत्येक मोजणीत तशीच्या तशी पुन्हा येते आणि मोजण्या वाढवाव्यात तशी खात्री उलट वाढतच जाते. हाइलब्रॉनमध्ये नेमकं तेच झालं. चाळिसावी जुळणी पहिलीपेक्षा जास्त पटणारी वाटली.

योगायोगाचा हिशेब तरी सोपा असेल, असं वाटतं. तोही नाही. इंग्लंडमध्ये 1999 साली एका घरफोडीच्या संशयावरून एका गंभीर आजारी माणसाला अटक झाली. घर फुटलं होतं ते त्याच्या घरापासून सव्वातीनशे किलोमीटरवर. डीएनए ताडताना त्यातल्या काही ठरावीक जागा तपासतात, त्यांना स्थानं म्हणतात. त्याचा डीएनए त्या जागच्या नमुन्याशी अशा सहा स्थानांवर जुळत होता आणि अशा जुळणीची शक्यता 3 कोटी 70 लाखांत एक, असं सांगितलं गेलं. दहा स्थानं तपासल्यावर जुळणी मोडली आणि तो सुटला.

आकडा खोटा नव्हता. विचारायला हवा होता तो वेगळाच प्रश्न. राष्ट्रीय संग्रहात तेव्हा सुमारे 7 लाख लोकांचे नमुने होते. घटनास्थळावरचा एक नमुना या सगळ्यांशी ताडून पाहिला, तर चुकून कुणीतरी जुळण्याची शक्यता 7 लाख भागिले 3 कोटी 70 लाख, म्हणजे 53 मध्ये एक. असे हजारो नमुने ताडले जात असतील, तर निरपराध माणूस जुळणं हा अपवाद उरत नाही, तो होणारच.

आता देशांच्या सीमा ओलांडा. 27 मे 2005 रोजी जर्मनीतल्या प्र्यूम या छोट्या गावात सात देशांनी एक करार केला. एकमेकांच्या पोलिसांना डीएनए, बोटांचे ठसे आणि वाहननोंदणी यांचे संग्रह चाचपू द्यायचे, असं त्यात ठरलं. 2008 साली तो युरोपीय संघाच्या कायद्यात आला. त्याची रचना मला फार शहाणपणाची वाटते. डीएनए ताडताना पहिल्या पायरीवर नाव-गाव काहीच जात नाही, जातो तो फक्त त्या स्थानांवरच्या आकड्यांचा संच, आणि उत्तर येतं ‘जुळलं’ किंवा ‘नाही’. माणूस कोण, हे दुसऱ्या पायरीवर, त्या त्या देशाच्या कायद्याने विचारायचं.

पण गुणाकार पाहा. एका देशाकडे घटनास्थळांवरचे 10 हजार नमुने आहेत आणि दुसऱ्याच्या संग्रहात 10 लाख माणसं आहेत, असं धरू. तुलना झाल्या 1000 कोटी. अपघाती जुळणीची शक्यता 100 कोटींत एक इतकी कमी असली, तरी दहा जुळण्या निव्वळ योगायोगाच्या निघतील. तिसरा, चौथा देश आला की तुलनांचा आकडा देशांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने फुगतो. प्र्यूमच्या नियमांनी सहा स्थानांवरची जुळणीही कळवली जाते आणि सहा-सात स्थानांवरच्या जुळण्यांत खोट्यांचं प्रमाण दखल घेण्याइतकं असतं, असं न्यायवैद्यक शास्त्रज्ञांना पुढे दिसून आलं. त्यामुळे अशा जुळणीनंतर आणखी स्थानं तपासून मगच नाव विचारावं, हा आग्रह धरला गेला. 2009 साली युरोपचा प्रमाण संच सातवरून बारा स्थानांवर नेण्यात आला.

कणभौतिकीत हाच हिशेब चाळीस वर्षं आधी मांडला गेला होता. 1960 च्या दशकात बबल चेंबरच्या, म्हणजे कण गेल्याची वाट बुडबुड्यांनी दाखवणाऱ्या द्रवाच्या टाकीच्या, छायाचित्रांतून नवनवे कण शोधले जात. आलेखावर कुठेतरी उंचवटा दिसला की नवा कण, अशी घाई होती. अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांनी 1968 साली साधा प्रश्न विचारला : आपण सगळे मिळून वर्षाला किती आलेख पाहतो? आलेख हजारो आणि प्रत्येकात उंचवटा दिसू शकेल अशा कितीतरी जागा. मग तीन-चार सिग्माचे खोटे उंचवटे दरवर्षी दिसणं अटळच होतं. पाच सिग्माच्या आजच्या दंडकामागे हा युक्तिवाद आहे.

डिसेंबर 2015 मध्ये कणांच्या टकरी नोंदणाऱ्या सर्नच्या अ‍ॅटलास प्रयोगाला 750 जीईव्ही (कणांचं वस्तुमान मोजण्याचं एकक) वस्तुमानाजवळ फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या. त्या एका जागेपुरतं पाहिलं तर खात्री 3.6 सिग्मा, म्हणजे सहा हजारांत एक. पण उंचवटा दुसऱ्या कुठल्याही वस्तुमानावर दिसला असता तरी आपण चमकलोच असतो, हे हिशेबात धरल्यावर ती 2 सिग्मावर उतरली. सर्नच्याच सीएमएस या दुसऱ्या प्रयोगालाही त्याच वस्तुमानाच्या आसपास फिकट उंचवटा दिसला, म्हणून उत्साह आवरेना. सिद्धान्त मांडणारे शेकडो निबंध आले. 2016 मध्ये जास्त टकरी नोंदल्यावर दोन्हीकडचे उंचवटे विरून गेले. अ‍ॅटलासने दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी शेजारी-शेजारी छापले होते, याचं मला फार मोल वाटतं. किती ठिकाणी शोधलं, ते वाचणाऱ्याला लगेच कळत होतं.

पोलीस तपासात तो दुसरा आकडा कोण छापणार? इथे काम भौतिकीपेक्षा अवघड आहे. सर्नमध्ये दोन प्रयोग मुद्दाम वेगळ्या उपकरणांनी, वेगळ्या गटांनी चालवले जातात. 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉन हा बरीच वर्षं शोधला जात असलेला कण जाहीर झाला, तोही दोघांना स्वतंत्रपणे दिसल्यावर. गुन्ह्याच्या जागेवरचा पुसट डाग मात्र एकदाच मिळतो आणि तपासण्यात संपूनही जातो. शिवाय प्रत्येक देशाचे नियम निराळे. कुठे फक्त शिक्षा झालेल्यांचे नमुने ठेवतात, कुठे संशयितांचेही. पोर्तुगालमधल्या मिन्यो विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ हेलेना मशादू यांच्या गटाने युरोपातल्या या देवाणघेवाणीचा अनेक वर्षं अभ्यास केला, त्यात काम करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. यंत्रं जोडण्याइतकंच परक्या प्रयोगशाळेच्या कामावर भरवसा ठेवणं हाही इथे तितकाच मोठा प्रश्न असतो.

हाइलब्रॉनच्या खुनाचा धागा नोव्हेंबर 2011 मध्ये एका नवनाझी दहशतवादी टोळीपर्यंत पोहोचला. काड्यांचं प्रकरण मात्र 2016 पर्यंत पुरलं. त्या वर्षी नमुने गोळा करण्याच्या साहित्यावर मानवी डीएनए नसावा, यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आलं. अनेक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आता संशयितांच्या यादीशेजारी आणखी एक यादी ठेवतात. तिच्यात प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ असतात, घटनास्थळी जाणारे पोलीस असतात आणि काही ठिकाणी साहित्य बांधणारे कामगारही. नवा नमुना आला, की तो आधी या यादीशी ताडून पाहतात.