मोजमापावर संशय घेणारे बिने

बुद्धिमापनाचे जनक मानले जाणारे आल्फ्रेड बिने (१८५७–१९११) यांनी मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेच नव्हते. पदवी कायद्याची, मानसशास्त्र त्यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून स्वतःच वाचले. पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जारोगतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली काम करताना, लोहचुंबकाच्या प्रभावाने उन्मादाच्या (हिस्टेरियाच्या) रुग्णांची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात, असा दावा त्यांनी फेरे या सहकाऱ्यासह हिरिरीने मांडला. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे रुग्णांना आधीच उमगत असे, हे टीकाकारांनी दाखवून दिल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. त्यांचे पुढचे सारे काम या नामुष्कीच्या प्रकाशातच वाचायला हवे, असे मला वाटते.

१९०० च्या सुमारास त्यांनी शाळकरी मुलांच्या डोक्यांची मापे घेतली. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांत फरक आढळला तो जेमतेम मिलिमीटरभर. तेवढाही आपल्याच अपेक्षेमुळे आला नसेल ना, या शंकेने त्यांनी ती वाट सोडून दिली.

नेहमीच्या वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशा मुलांचा विचार करण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये आयोग नेमला, तेव्हा अशी मुले केवळ शिक्षकांच्या मतावर निवडणे बिने यांना पटले नाही. डॉक्टर तेओदोर सिमाँ यांच्यासह त्यांनी १९०५ मध्ये चढत्या काठिण्याच्या ३० कृतींची श्रेणी तयार केली. आरंभी पेटती काडी डोळ्यांपुढून फिरवायची आणि मुलाची नजर तिच्यामागे जाते का ते पाहायचे. थोडे पुढे चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतून खाण्याचा पदार्थ ओळखायला लावायचा. शेवटी आदर आणि आपुलकी यांसारख्या अमूर्त संकल्पनांतला भेद विचारायचा. १९०८ मध्ये या कृती वयानुसार लावल्या गेल्या.

मूल आज कुठे आहे, एवढेच या श्रेणीने कळते, यावर बिने ठाम होते. बुद्धी वाढतच नाही, या समजाला १९०९ मध्ये विरोध करताना त्यांनी लक्ष एकाग्र करण्याचे व्यायामही सुचवले. त्यांपैकी एक तर आपल्याकडच्या ‘स्टॅच्यू’च्या खेळासारखाच होता.

मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या कृती करू शकते त्या वयाला, खऱ्या वयाने भागण्याची कल्पना १९१२ मध्ये, बिने यांच्या मृत्यूनंतर, जर्मनीचे मानसशास्त्रज्ञ श्टेर्न यांनी मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणून बुद्ध्यांक रूढ केला आणि तो जन्मजात गुण असल्याचेही ठासून सांगितले. मराठी मुलांपर्यंत बिने पोचले ते टर्मनमार्गेच. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये टर्मन यांनी सुधारलेल्या बिने यांच्या चाचणीचे कन्नड व मराठी रूपांतर केले, आणि ‘बिने–कामत’ या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चाचणीचा निकालही, बिने यांनी स्वतः कधीच न काढलेल्या बुद्ध्यांकातच दिला जातो.