घरची परिस्थिती, शाळेतील यश आणि खानदेश : पार्श्वभूमी

मुलाच्या शिकण्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, याची मोठ्या प्रमाणावर मोजणी प्रथम अमेरिकेत झाली. सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारलेल्या 1966 च्या अहवालात, शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कुटुंबाची पार्श्वभूमी यशावर अधिक परिणाम करते, असे आढळले. त्याच वर्षी आपल्याकडील शिक्षण आयोगाने सर्व थरांतील मुलांसाठी समान शाळांची शिफारस केली. ती प्रत्यक्षात उतरली नाही.

खानदेशात घराघरांतील हे अंतर एकाच जिल्ह्यात दिसते. तापीकाठच्या केळी-कापसाच्या बागायती गावांत शाळेबरोबर शिकवणीही असते. सातपुड्यातील अक्राणी, अक्कलकुवा या तालुक्यांत मूल पावरी किंवा भिलोरी ही आदिवासी बोली बोलत पहिलीत येते आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्याच्या कानावर तेव्हाच पहिल्यांदा पडते. घरात अहिराणी बोलणाऱ्या मुलालाही हा अडसर येतो, परंतु अहिराणी मराठीला जवळची असल्याने त्याची वाट त्या मानाने सोपी असते. आश्रमशाळांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मुलाला घरापासून दूर ठेवण्याचे होते, आणि घरची भाषा वर्गात आणण्याचे काम त्यामुळे मागेच पडले.

यानंतरचा सर्वांत वादग्रस्त टप्पा 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक 1 लाख रुपयांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. अनुसूचित जमातीच्या मुलांना ती लागू नाही. त्यामुळे नंदुरबार शहरात राहणारे नोकरदार आदिवासी कुटुंब आणि तोरणमाळच्या पाड्यावरील मजूर कुटुंब एकाच गटात मोडतात. प्रवेशाचा प्राधान्यक्रम घरापासूनच्या अंतरावर ठरतो आणि खाजगी शाळा शहरात असते, तेव्हा जागा कोणाला मिळणार हे उघड आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलले आणि शासकीय किंवा अनुदानित शाळा 1 किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. या जागांच्या शुल्काची शासनाकडून मिळणारी प्रतिपूर्ती थकते ही संस्थाचालकांची तक्रार खरी होती. पण थकबाकीचे उत्तर मुलांच्या जागा काढून घेणे हे नव्हे. उच्च न्यायालयाने मे महिन्यात बदलाला स्थगिती दिली, जुलैमध्ये तो रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. शहरातील पालकांना दिलासा मिळाला. ज्या पाड्याच्या आसपास खाजगी शाळाच नाही, तेथे या संपूर्ण वादाने काही बदलले नाही.

तेथील मुलाची अडचण उत्पन्नाच्या दाखल्यात उमटत नाही. दिवाळीच्या सुमारास नवापूर, साक्री, अक्कलकुवा या भागांतून कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत बारडोलीकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर फेडायची असते आणि आई पहाटेच फडात गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, थांबते. तिचे नाव गावच्या शाळेच्या पटावर असते. शिक्षण हमी कार्ड आणि हंगामी वसतिगृह हे दोन उपाय अशा मुलांसाठीच निघाले. कार्डामुळे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते, परंतु राज्याची हद्द ओलांडली की वर्गात गुजराती चालते. वसतिगृहात मूल गावीच राहू शकते, मात्र धाकट्याला सांभाळण्याची सोय आई-बापांना दुसरी करावी लागते.

आठवीपर्यंत नापास न करण्याच्या तरतुदीने अशी मुले पटावर टिकली, तरी मधल्या महिन्यांत राहून गेलेले वाचन आणि गणित भरून निघाले नाही. 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणल्या; अनुत्तीर्णांना जादा मार्गदर्शन व पुनर्परीक्षा आणि तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात थांबणे, असा क्रम ठरला. ऊसतोडीचा हंगाम मात्र वार्षिक परीक्षेच्या तोंडावर संपतो.