बडोद्यातील सागरी संशोधन

बडोद्याला समुद्रकिनारा नाही. तरीही येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात (स्थापना १९४९) पुरातत्त्व, भूशास्त्र आणि प्राणिशास्त्र या तीन विभागांनी समुद्राचा अभ्यास केला आहे. त्याची पाळेमुळे मात्र विद्यापीठाहून जुनी, थेट संस्थानी काळातली आहेत.

सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ, म्हणजे द्वारका, बेट द्वारका आणि आसपासचा मुलूख, बडोदे संस्थानात होता. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल या सागरी प्राणिशास्त्रज्ञाकडून या किनाऱ्याची पाहणी करवून घेतली गेली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत निघाला. मोती, शंख, मासेमारी यांतून दरबाराला काय मिळेल, हा प्रश्न त्यामागे होताच. पण निरनिराळ्या प्राणिगटांवर त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिलेली प्रकरणेही त्यात आहेत. एका संस्थानाने आपल्या समुद्राची इतकी बारकाईने दखल घ्यावी, हे आजही थोरच वाटते.

पुढे याच ओखामंडळात, द्वारकेजवळच्या नागेश्वर येथे विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले. के. टी. एम. हेगडे, व्ही. एच. सोनवणे आदी संशोधकांच्या या कामातून हडप्पाकालीन शंखकामाचा कारखानाच उजेडात आला. मराठी घरांच्या देवघरात जो शंख असतो, त्याच जातीच्या शंखापासून (टर्बिनेला पायरम) येथे बांगड्या होत. कारागीर आधी शंखाचे टोक फोडून मधला खांब सैल करी, मग काशाच्या पातळ करवतीने कड्यासारखे काप काढी आणि ते दगडावर घासून गुळगुळीत करी. शंखाच्या वळशाचा सांधा कड्यावर उंचसखल दिसतो; हडप्पाकालीन बांगड्यांवर नेमका तिथेच कोनाकृती चर कोरलेला आढळतो. दुसऱ्या एका काटेरी शंखापासून पळ्या बनत. कच्छच्या आखाताच्या काठी बगसरा (गोला धोरो) येथेही याच विभागाला शंखांचे ढीग सापडले. अर्धवट कापलेला तुकडा पूर्ण दागिन्याहून जास्त बोलतो, कारण करवत कुठून फिरली ते त्यावर दिसते.

खंभातच्या आखाताची गोष्ट वेगळी. येथील भरतीची उंची १० मीटरच्या वर जाते. बडोद्याहून लोक दर्शनाला जातात त्या कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाची पिंडी भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडी पडते. ओहोटीनंतर मागे राहतो तो मैलोगणती चिखल, आणि भूशास्त्राच्या अभ्यासकांना हवा असतो तोच. एस. एस. मेढ यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी गुजरातच्या किनाऱ्यावरील समुद्रपातळीच्या चढउतारांचा अभ्यास विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात रुजवला. मही नदीच्या खालच्या पात्रातील खाडीचा गाळ पाहता, सुमारे ६,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा आत शिरला होता असे मानतात.

प्राणिशास्त्र विभागाने महीच्या मुखातील चिखलपट्ट्यांवरच्या खेकड्यांचा अभ्यास केला आहे. कोकणात ज्या माशाला निवटी म्हणतात, त्याचे भाऊबंदही अशाच चिखलात उड्या मारताना दिसतात. या अभ्यासाला तातडीचे कारणही आहे. बडोद्याच्या परिसरातील कारखान्यांचे सांडपाणी १९८० च्या दशकापासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून सारोदजवळ महीच्या मुखात सोडले जाते. खेकडा चिखल तोंडात घेऊन त्यातले अन्न चाळून घेतो आणि उरलेल्याच्या बारीक गोळ्या बिळाच्या तोंडाशी टाकतो. त्यामुळे चिखलात जे मुरते ते त्याच्या अंगातही उतरू शकते. ओहोटीच्या वेळी बिळे मोजणे, खेकड्यांची जात आणि आकार टिपणे, हे काम चिखलात गुडघ्यापर्यंत रुतूनच करावे लागते आणि पुढची भरती येण्याआधी काठ गाठावा लागतो.