कळा सुरू कशाने होतात? मेंढीपासून सुजेपर्यंतची पार्श्वभूमी
दिवस भरले की कळा येतात हे सगळ्यांना माहितीये, पण त्या नेमक्या कशाने सुरू होतात हे विचारलं तर आजही एका वाक्यात उत्तर देता येत नाही. सध्या बरंचसं संशोधन इन्फ्लमेशनभोवती फिरतंय, म्हणजे जखम झाली किंवा जंतू घुसले की शरीर जी सूज आणतं तीच यंत्रणा, आणि हे कळायला इतकी वर्षं का गेली ते बघण्यासारखं आहे.

आधी सगळा भर हॉर्मोन्सवर. १९०६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेलला दिसलं की पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या ग्रंथीच्या) मागच्या भागाचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय आवळतं, त्यातून पुढे ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आवळणारं हॉर्मोन आलं. १९३० मध्ये न्यूयॉर्कला कुर्झरॉक आणि लीब यांनी वीर्य टाकल्यावर गर्भाशयाच्या स्नायूच्या पट्ट्या आवळताना आणि सैल पडताना पाहिल्या, १९३५ ला फॉन ऑयलरने वीर्यातल्या त्या द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन नाव दिलं, प्रोस्टेटवरून (खरं तर ते बहुतेक शेजारच्याच ग्रंथीतून येतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं). १९६८ ला युगांडात सुलतान करीमने ते देऊन कळा आणून दाखवल्या. आणि १९७१ ला जॉन वेनने सांगितलं की ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवते. सूज उतरवणारी गोळी जे अडवते त्याच द्रव्याने कळा येतात, इथेच ट्यूब पेटायला हवी होती.

पण सगळे मेंढीत अडकले होते. न्यूझीलंडच्या माँट लिगिन्सने दाखवलं होतं की मेंढीत जन्माची वेळ पिल्लूच ठरवतं, त्याचं कॉर्टिसॉल हे हॉर्मोन वाढतं, त्याने आईचं प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाला शांत ठेवणारं हॉर्मोन) कोसळतं, कळा सुरू. इतकं सुटसुटीत उत्तर मिळाल्यावर माणसातही तेच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. ते तसं नाहीये. बाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन वार पडेपर्यंत भरपूर असतं, पातळी घसरतच नाही. गंमत म्हणजे १९८१ ला लिगिन्सनेच मांडलं की गर्भाशयाचं तोंड मऊ पडणं ही एक प्रकारची सूजच आहे.

मग ऐंशीच्या दशकात रॉबर्टो रोमेरो आणि इतरांनी वेळेआधी कळा आलेल्या बायकांचं गर्भजल तपासलं, काहींमध्ये जंतू सापडले आणि सोबत इंटरल्यूकिन-१ सारखे सूज पसरवणारे निरोपही. तेव्हा वाटलं हे आजाराचंच लक्षण. पण १९९९ मध्ये सिझेरियनच्या वेळी घेतलेल्या तुकड्यांत दिसलं की पूर्ण दिवसांच्या, साध्यासरळ कळांमध्येसुद्धा न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत घुसलेल्या असतात! म्हणजे जंतू नसतानाही सूज.

यंत्रणा साधारण अशी: इंटरल्यूकिन-८ पांढऱ्या पेशींना बोलावतं, त्यांची एन्झाइम्स गर्भाशयाच्या तोंडाजवळचं कोलॅजन (त्याला घट्ट ठेवणारं प्रोटीन) कुरतडतात, इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ (हाही सुजेचाच निरोप) पेशीतला एनएफ-कॅपा-बी नावाचा स्विच दाबतात, त्याने कॉक्स-२ हे प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन, त्यातून कळा. हाच स्विच प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरचं (पेशीत ते जिथे चिकटून काम करतं त्या प्रोटीनचं) कामही दाबतो, म्हणून हॉर्मोन भरपूर असूनही त्याचा धाक संपतो असं मानतात, आणि मेंढीतलं उत्तर माणसाला का लागू पडत नाही ते इथे थोडं उलगडतं. पहिली ठिणगी कोण टाकतं यावर मात्र अजून वाद आहे. २००४ मध्ये उंदरात पिल्लाच्या फुफ्फुसातलं एक प्रोटीन तो निरोप देतं असं दिसलं, माणसात म्हाताऱ्या झालेल्या पाणमोटेच्या पेशींवरही संशय आहे.

जंतूंवरच बोट ठेवून चालत नाही हे ओरॅकल नावाच्या औषध-चाचणीत चांगलंच कळलं. पाणमोट शाबूत असताना वेळेआधी कळा आलेल्या बायकांना अँटिबायोटिक दिलं, २००१ च्या निकालात बाळांना काही फायदा दिसला नाही, आणि २००८ ला ती मुलं सात वर्षांची झाल्यावर पाहिलं तर औषध मिळालेल्या गटात सेरेब्रल पाल्सी उलट जास्त निघाली.